खात्रीची नळी

आमच्या हिच्या आजाराची बातमी डॉक्टरांनी दिली नाही. तिने स्वतःच्या हाताने भरलेल्या नळीने दिली. नळी कितीतरी दिवस तेच तेच सांगत होती. समोर बसलेली माणसं त्या कामात मुरलेली होती, ही त्यांच्यात सगळ्यात जुनी, आणि एकालाही ऐकू आलं नाही. या गोष्टीला आता काही महिने झाले. माझ्या डोक्यातून ती अजून उतरत नाही.

मी गिलावा करणारा. भिंती, छत, कोपरे यांत आयुष्य गेलं. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा थांबलो. कष्ट म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको, असं मी समजत होतो. ही न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. गुन्ह्याच्या जागेवरून आलेले कपडे, चादरी, कापसाचे बोळे हिच्या टेबलावर येतात. लग्न नवं होतं तेव्हा मी एकदा म्हणालो, "गार खोलीत बसून थेंब इकडचे तिकडे करायचे. याला काम म्हणायचं होय?"

 ही दुसऱ्या दिवशी मोडीत निघालेलं एक पिपेट घेऊन आली. थेंब उचलायची ती जाड पेनासारखी नळी असते. वर खटका, तो अंगठ्याने दाबायचा. माझ्यासमोर दोन कप ठेवले, एकात पाणी.

"हे त्यात न्या," म्हणाली. "सांडायचं नाही. आणि प्रत्येक थेंब सारखा पाहिजे."

दुसऱ्या कपाचा तळ झाकायच्या आतच माझा अंगठा भरून आला. थापी धरून धरून दगड झालेला अंगठा! मी पिपेट खाली ठेवलं.

"बोला आता," ही म्हणाली.

 तेव्हापासून संध्याकाळी हिचा अंगठा तेल लावून चोळायचं काम माझ्याकडे आलं. ते आजही आहे.

तिचं काम काय, ते तिने मला माझ्या भाषेत समजावलं होतं. शरीर म्हणजे मोठी इमारत. डीएनए म्हणजे तिचा नकाशा. तो प्रत्येक खोलीत टांगलेला, आणि सगळीकडे तोच. नकाशावरून इमारत कुणाची ते कळतं, पण आपण कुठल्या खोलीत उभे आहोत ते कळत नाही. आरएनए म्हणजे मुकादमाने त्या खोलीत त्या दिवशी दिलेल्या चिठ्ठ्या. इथे नळ बसवा, तिथे रंग काढा. चिठ्ठी वाचली की खोली कळली. लाळेतल्या चिठ्ठ्या वेगळ्या, रक्तातल्या वेगळ्या. बोट कापल्यावर येणारं रक्त आणि पाळीचं रक्त डोळ्याला सारखंच दिसतं. पण पाळीच्या रक्ताबरोबर गर्भाच्या पिशवीचं अस्तर सुटून येतं, आणि त्या अस्तराच्या चिठ्ठ्या जखमेच्या रक्तात नसतात.

"रक्त कुणाचं ते दुसरे सांगतात," ही म्हणायची. "रक्त कुठून आलं ते आम्ही सांगतो."

या चिठ्ठ्या फार नाजूक. आपल्या हाताच्या घामातच त्यांना खाऊन टाकणारं काहीतरी असतं. म्हणून हातमोजे सारखे बदलायचे, टेबल सारखं पुसायचं, नळीवर वाकून बोलायचं नाही. डागाचा तुकडा कापायचा, उग्र वासाच्या पाण्यात भिजवायचा, मशीनमध्ये गरगरा फिरवायचा, बोटाच्या पेराएवढ्या गाळणीतून गाळायचा, धुवायचा, परत धुवायचा. एवढं करून हाती येतो एक थेंब, दिसायला पाणी. त्यात आरएनए किती ते मोजायचं. तिथेही फसगत. नकाशाचे तुकडे गाळणीतून आले असले तर मशीन त्यांनाही चिठ्ठ्या समजतं आणि आकडा फुगवतं. म्हणून आधी ते तुकडे मारायचे, मग मोजायचं. त्यानंतर शेवटचं मशीन. त्याच्या पडद्यावर रेघा असतात. ज्या खोलीची चिठ्ठी सापडली तिची रेघ वर चढते. नाही सापडली तर आडवी पडून राहते.

दर वेळी डागाच्या नळीबरोबर आणखी दोन नळ्या लावतात. एक कोरी. तिच्यात काहीच घातलेलं नसतं, तिची रेघ चढली तर कुणीतरी घाण केली. दुसरी खात्रीची. तिच्यात काय आहे ते आधीपासून माहीत असतं, तिची रेघ चढलीच पाहिजे. नाही चढली तर त्या दिवसाचं सगळं काम रद्द. आमच्याकडे ओळंबा असतो तशी ही नळी. भिंत ओळंब्याला लावून बघतात. ओळंबा भिंतीला लावून कुणी बघत नाही.

आणि त्या खोलीचा एक नियम. डाग कशाचा आहे ते पोलीस काहीही म्हणोत, आरोपी काहीही म्हणो, लिहिताना 'म्हणे' चालत नाही. पाकिटावर नुसतं 'डाग'. कशाचा ते नळी सांगेल तेव्हा. हा नियम हिनेच नव्या माणसांच्या डोक्यात हाणून हाणून बसवला. घरातही तोच. लेक शाळेत होती तेव्हा एकदा बाही लपवत आली.

"आई, शाई आहे गं."

"शाई आहे असं तू म्हणतेस. मला डाग दिसतो."

लेक रडकुंडीला आली. डाग निघाला जांभळाचा. कुंपणावरून उडी मारून तोडलेल्या.

अशी ही. उष्टा कप टेबलावर राहिला की म्हणायची, "लाळ सापडली, आरोपी घरातलाच आहे." मी शिंकलो की म्हणायची, "झालं, अख्ख्या खोलीत सही करून ठेवली." शेजारच्या बायका आधी बिचकायच्या, मग हिच्याकडेच कपड्यांवरचे डाग घेऊन यायच्या. त्यांना हाकलून द्यायची. "ते साबणाचं काम आहे, माझं नाही."

आता खात्रीच्या नळीत घालायला खात्रीचं रक्त लागतं. बोटातलं रक्त कुणीही देतं. पाळीचं कोण देणार? विभागात बायका होत्या, पण नव्या मुली लाजायच्या. ही म्हणाली, "माझं घ्या. मला कसली आलीय लाज?" तेव्हापासून दर महिन्याला ही कापसाचा बोळा नळीत घालून न्यायची. वर चिठ्ठी चिकटवायची आणि फ्रीझरमधल्या डब्यात ठेवायची. आधीचा डबा संपला की पुढचा उघडायचा. वर्षानुवर्षं त्या विभागाचा ओळंबा हिच्या रक्ताचा होता.

पन्नाशी उलटली तरी पाळी जाईना. लेक काळजी करायची, तर ही म्हणायची, "सरकारी नोकरी आहे ना, मुदतवाढ मिळाली." मग पाळी मागेपुढे व्हायला लागली. कधी लवकर यायची, कधी जायचं नाव घ्यायची नाही. हिच्या मैत्रिणींनी सांगितलं, या वयात असंच असतं. हिनेही तेच धरलं. उलट खूशच होती. "डबा भरून ठेवते. मी बंद पडले की मग बसा शोधत." 

मग ती चादर आली.

एका घरातली बाई बेपत्ता होती. नवरा कोठडीत. गादीवरच्या चादरीला मोठा डाग. रक्त त्या बाईचंच, हे ठरलं होतं. नवरा म्हणत होता पाळीचं आहे. पोलीस म्हणत होते जखमेचं आहे. कुठून आलं, हा प्रश्न हिच्या टेबलावर. एवढं तिने मला सांगितलं, कारण वर्तमानपत्रात आलंच होतं. यापुढचं ती कधी सांगत नाही.

नेमका त्याच वेळी जुना डबा संपला. नवा उघडला. खात्रीची नळी लावली, आणि रेघ चढली नाही.

रक्ताची रेघ चढली, छान चढली. अस्तराची आडवी. दिवसाचं काम रद्द.

पहिला संशय फ्रीझरवर. मध्यंतरी वीज गेली होती, माल खराब झाला असेल. पण मोजलं तर आरएनए भरपूर, धडधाकट. मग औषधांवर संशय. बाटल्या फेकल्या, नव्या मागवल्या. रेघ आडवी. मग मशीनवर संशय. दुरुस्तीवाला आला, मशीनची काही चूक नाही म्हणून गेला.  ही घरी जेवताना स्वतःच्या हाताकडे बघत बसायची.

"अंगठा तर थरथरत नाही ना माझा?" एकदा विचारलं.

मी हात हातात घेऊन बघितला. "नाही. पण तू पांढरी दिसतेस."

"झोप नाही मला. दुसरं काय."

झोप नव्हती हे खरं होतं. दुसरं काय ते कोणाला माहीत होतं?

त्या दिवसांत हिला परत रक्त जायला लागलं. मध्येच. हिला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. "फ्रीझरचा प्रश्नच मिटला! ताजं नेते." सकाळी बोळा घेऊन गेली. सगळं नव्याने केलं, एकटीने, कुणाला हात लावू दिला नाही. कोरी नळी कोरी. रक्ताची रेघ चढली. अस्तराची आडवी.

आता उरले फक्त हिचे हात. विभागाच्या मॅडम हिच्यापेक्षा वयाने लहान, हिच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी जितक्या जपून सांगता येईल तितक्या जपून सांगितलं. "ताई, थोडे दिवस या टेबलावर चिमणीला बसू द्याल का?" चिमणी म्हणजे शेजारच्या टेबलावरची. आवाज एवढासा, म्हणून ते नाव.

हिने घरी येऊन पर्स खुर्चीवर टाकली. "तुमचं बरं होतं. गिलावा वाकडा आला तर खरवडून परत करता यायचा. मला काढली हो टेबलावरून."

"काढली नाही. बस म्हणाल्या थोडे दिवस."

"गिलावा करणाऱ्याच्या हातातून थापी घेतली आणि बस म्हटलं, तर तुम्ही बसला असता?"

नसतो बसलो. ही पण बसली नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेली आणि म्हणाली, "एकदा मला करू द्या. शेवटचं. पण दोन खात्रीच्या नळ्या लावते. एक माझ्या रक्ताची, एक दुसरीच्या. दोन्ही आडव्या आल्या तर माझे हात गेले. मी स्वतः उठेन."

दुसरीचं रक्त कुठून आणायचं? चिमणी पुढे आली. कान लाल झालेले. "ताई, मी देते. पण कुणाला सांगू नका."

"अगं, सगळ्या विभागासमोर उभी राहून सांगतेयस तू," ही म्हणाली. सगळे हसले. ते त्या खोलीतलं हिचं शेवटचं हसणं. पुढे बरेच दिवस कुणी हसलं नाही.

तिने काम केलं. दोन्ही नळ्या एकाच हाताने, एकाच औषधाने, एकाच मशीनमध्ये. सगळे पडद्याभोवती उभे. चिमणीच्या नळीची अस्तराची रेघ चढली. सरळ, डौलात. कुणीतरी टाळी वाजवली. हिचे हात चांगले होते! औषधं चांगली होती, मशीन चांगलं होतं.

हिच्या नळीची रेघ आडवी.

टाळी थांबली. मॅडम म्हणाल्या, "ताई, ही नळी तुमचीच ना?"

"माझीच."

"पाळीच्या रक्ताची?"

"हो, पाळीच्या..." एवढं बोलून ही थांबली.

पुढे काय झालं ते मला चिमणीने सांगितलं, रडत. ही म्हणे नळी उचलून तिच्यावरची चिठ्ठी वाचत उभी राहिली. स्वतःच्याच अक्षरातली. 'पाळीचं रक्त.' कुणी लिहिलं? हिने. कशावरून? हिला वाटलं म्हणून. साऱ्या जगाला 'म्हणे' चालत नाही सांगणाऱ्या बाईने स्वतःच्या नळीवर 'म्हणे' लिहून ठेवलं होतं. औषधं तपासली, वीज तपासली, मशीन उघडून बघितलं, स्वतःचा अंगठा तपासला. नळीतलं रक्त कुठून आलं हे विचारायचं राहिलं. आणि तेवढं एकच काम ती खोली करत होती.

 

मग ही म्हणाली, "डब्याच्या तळाशी जुन्या असतील, त्याही काढा. सगळ्या लावा."

"कशाला ताई?" मॅडम म्हणाल्या. "एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पाळीच्या काही दिवसांत अस्तर कमी येतं, रेघ कधी कधी चढत नाही. तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

"शिकवलंय. म्हणून तर सगळ्या लावा म्हणते. एखादी आडवी आली तर योगायोग. मला बघू द्या कधीपासून."

लावल्या. हिनेच लावल्या, दुसऱ्या कुणाचे हात चालत नव्हते. हिवाळ्याच्या आधीच्या चढल्या. हिवाळ्यापासूनची एकही नाही.

ती दुपारी घरी आली. ही दुपारी कधी येत नाही. दारात चपला काढल्या नाहीत, तशीच स्वयंपाकघरात आली आणि खाली जमिनीवर बसली. मी नळाची चकती बदलत होतो. हातात पाना तसाच.

"अहो," म्हणाली, "ती पाळी नाहीये."

मला काही कळेना. "कुठली?"

"मला येतेय ती. हिवाळ्यापासून. ते रक्त दुसरीकडून येतंय."

"कुठून?"

तिने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारत होतो. पाना कधी खाली पडला मला कळलं नाही. फरशीचा टवका उडाला. तो अजून तसाच आहे. मी, आयुष्यभर टवके भरलेला माणूस, तो भरायला माझा हात होत नाही.

डॉक्टरीणबाईंकडे मॅडम बरोबर आल्या. हिने सगळं सांगितलं, नळ्या, रेघा, हिवाळा. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे तुमचं काम कोर्टासाठी आहे. त्यावरून रोग ठरत नाही."

"माहीत आहे," ही म्हणाली. "म्हणून तुमच्याकडे आले. तुम्ही बघा आणि सांगा, कुठून येतंय."

त्यांनी तपासलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा आत जातानाचा नव्हता. पिशवीच्या तोंडाशी गाठ होती. हात लागला की रक्त येत होतं. तुकडा तपासायला गेला. उत्तर आलं तेव्हा बाईंनी कॅन्सर हा शब्द एकदाच उच्चारला आणि लगेच ऑपरेशनचं बोलायला लागल्या. मला पुढचं ऐकूच आलं नाही. हिने मात्र सगळं ऐकलं. शेवटी विचारलं, "तुकडा तपासला तेव्हा खात्रीचा तुकडा शेजारी लावला होता ना?"

बाई म्हणाल्या, "लावला होता."

"आणि तो खात्रीचा आहे हे कुणी सांगितलं?"

बाईंना वाटलं हिला धक्का बसलाय. धक्का मला बसला होता. ही कामाला लागली होती.

लेक आली ती दारातूनच भांडत आली. "तुम्ही दोघं एका घरात राहता ना? बाबा, ती पांढरी पडत चालली होती, दिसलं नाही तुम्हाला?" मग आईकडे वळली. "आणि तू! जगाचे डाग बघतेस!" एवढं बोलून आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. हिने तिचा अंगठा हातात घेतला आणि चोळत बसली, मी हिचा चोळतो तसा.

ऑपरेशन झालं. पिशवी काढली. बाई म्हणाल्या, फार पसरलेलं दिसत नाही, पण पुढचे उपचार घ्यावे लागतील आणि लक्ष ठेवावं लागेल. आणखी उशिरा आला असतात तर मी हे वाक्य बोलू शकले नसते, असंही म्हणाल्या. मी जिन्यात येऊन बसलो. उशीर! इतके दिवस रोज नळी लावली, रोज रेघ आडवी, आणि रोज ती टेबल पुसून परत सुरुवात करत होती. एवढे कष्ट मी कुणाला करताना बघितले नाहीत, आणि ते चुकीच्या भिंतीवर चालले होते. तसेच आणखी थोडे दिवस चालले असते तर? तिथे डोकं थांबतं.

चादरीचा रिपोर्ट गेला, चिमणीच्या खात्रीच्या नळीवर. काय निघालं ते हिने मला सांगितलं नाही. मी विचारलं होतं. "ते कोर्टाला सांगितलंय," म्हणाली.

परवा मॅडमचा फोन आला. ही उशीला टेकून बसली होती. फोन मोठ्या आवाजावर होता म्हणून मला ऐकू आलं. डब्यात हिच्या नळ्या उरल्या होत्या, हिवाळ्यापासूनच्या. मॅडमना विचारायला जड जात होतं. "ताई, त्यांचं काय करू? टाकून देऊ?"

"टाकता कशाला? जखमेच्या रक्ताशेजारी, पाळीच्या रक्ताशेजारी लावून बघा. असलं रक्तही उद्या कुणाच्या चादरीवर येईल. तेव्हा फसू नका."

मॅडमनी विचारलं, "मग वरची चिठ्ठी?"

"'पाळीचं' खोडा," ही म्हणाली. "नुसतं 'रक्त' ठेवा."

फोन ठेवून तिने उजवा हात माझ्यापुढे केला. मी तेलाची बाटली घेतली.  तिच्या अंगठ्यावर तेलाचा एक थेंब टाकला आणि चोळत बसलो.